अडीच द्वीपांतली माणसं

बोरगाव, ता. २२ जुलै १९३५

मायना काय घालावा ते सुचेना, म्हणून वरची ओळ रिकामी सोडली आहे. तुम्हाला योग्य वाटेल तो घालून घ्यावा.

मी बरी आहे. आप्पांचा खोकला कमी आहे. भुजबलीअण्णा तंबाखूच्या रोपांच्या गडबडीत असतो, दिवसभर चिखलात. चार महिन्यांत तुमचं पत्र नाही, माझंही नाही. अण्णा रोज जेवताना म्हणतो, "मास्तरास्नी दोन वळी लिव्ह की गं." मी हो म्हणते आणि ताट उचलते. आज लिहिते आहे ते एका संख्येपायी.

यंदा चातुर्मासाला आमच्या बस्तीच्या देवळात तीन आर्यिका उतरल्या आहेत. त्यांतल्या थोरल्या साध्वी, आम्ही अम्मा म्हणतो त्यांना, धारवाडकडच्या. मराठी त्यांना समजतं, पण बोलतात कानडीच. दुपारी बायकांसाठी पाठ असतो, तो आमचे उपाध्ये घेतात आणि अम्मा बाजूला बसून ऐकतात. परवा उपाध्यांनी माणसांची संख्या सांगितली. आपल्या मुलखातल्या नव्हे, आपण पाहिलेल्या पृथ्वीवरच्याही नव्हे. अडीच द्वीपांत जिथं जिथं म्हणून माणूस आहे तिथल्या सगळ्यांची. एक जुनी गाथा आहे, तिच्यातल्या अक्षरांच्या आड आकडे ठेवले आहेत. उपाध्ये अक्षर सोडवून सांगत होते आणि मी पाटीवर आकडा मांडत होते. पाटी पुरली नाही, शेवटचे आकडे मागच्या बाजूला गेले.

७९२२८१६२५१४२६४३३७५९३५४३९५०३३६

एकोणतीस आकडे. उपाध्ये म्हणाले, "आता हिचं निम्मं करा. त्याचं निम्मं. परत निम्मं. शहाण्णव डाव निम्मं हुतंय आणि एकदाबी मोडत न्हाय. शेवटाला एक ऱ्हातोय बघा."

शेजारच्या गुणाबाई म्हणाल्या, "एवढी माणसं हायत, मग आमच्या जत्रेला गर्दी का हुईना?" सगळ्या हसल्या. मीही हसले. बऱ्याच दिवसांनी हसले म्हणून लक्षात राहिलं.

मग मी उपाध्यांना एक गोष्ट विचारली, त्यांनी उत्तर दिलं, आणि मी पाठ अर्ध्यावर सोडून घरी आले. ते पुढं कधीतरी लिहीन, किंवा नाही लिहिणार.

संख्येचा मी नवाचा ताळा घेतला. लग्नाच्या पहिल्या वर्षी तुम्ही तो शिकवला होतात. एक आला. एकाला दोनानं शहाण्णव वेळा गुणलं तर ताळा एकच यायला हवा का, ते मला सिद्ध करता आलं नाही. तुम्हाला येईल.

उत्तर पाहिजेच असं नाही.

राजमती


बोरगाव, ता. ६ ऑगस्ट १९३५

उत्तर आलं नाही. पाहिजेच असं नाही म्हणून मीच लिहिलं होतं, तेव्हा तक्रार कुठली करणार?

पाऊस लागून राहिला आहे. घरातल्या भिंतींना ओल आली, म्हणून मी दुपारी तंबाखूच्या वखारीत जाऊन बसते. गेल्या सालच्या थोड्या गठड्या तिथं आहेत. त्या वासानं डोकं जड होतं; जागी आहे की झोपेत, ते नीट कळत नाही. जमीन कोरडी आहे. तिथं खडूनं मी त्या संख्येचं निम्मं करायला बसले. एका ओळीखाली एक. पहिल्या ओळी भिंतीपासून भिंतीपर्यंत जातात. आप्पा डोकावून म्हणाले, "रांगोळी घालालीस काय बाळ?" मी म्हटलं, व्हय आप्पा.

मी उपाध्यांना काय विचारलं ते आता लिहिते.

मी विचारलं, आमची जी झाली, ती या संख्येत आहे का?

उपाध्ये भले आहेत. ते म्हणाले, ही संख्या पूर्ण झालेल्या माणसांची. आहार, शरीर, इंद्रियं, श्वास, वाणी, मन, या सहा शक्ती ज्याच्या पुऱ्या झाल्या तोच तिच्यात धरायचा. "पोरीनं श्वास घ्यातला न्हवता न्हवं?" त्यांनी हळूच विचारलं. मी म्हटलं, नव्हता घेतला. त्यांनी समोरची पोथी मिटली. मी उठून आले.

तुमच्यावर रागावून मी इथं माहेरी आले असं तुमच्या घरी सगळे समजतात. तुम्हीही समजत असाल. मार्चमध्ये तुमचे धारवाडचे पाहुणे आले होते. मी चहा घेऊन येत होते. त्यांनी विचारलं, "मुलंबाळं?" तुम्ही म्हणालात, "अजून नाही काही." मी पडद्याशी उभी होते. आत गेले, चहा पुन्हा उकळला आणि दुसऱ्यांदा आणून दिला. तुम्ही म्हणालात चहा छान झालाय. चौथ्या दिवशी मी अण्णाला बोलावून घेतलं.

पाहुण्यांना दुसरं काय सांगणार होतात ते मला अजूनही सुचत नाही. तरीपण तिथं राहवेना.

आता गणिताचं. पंचविसाव्या ओळीत माझी संख्या विषम आली. शेवटी सम आकडा हवा, तिथं तीन. एवढ्या सगळ्या माणसांत कुणीतरी एकटंच उरलं. कुठंतरी चुकलं असणार, पण कुठं ते सापडत नाही. सगळ्या ओळी कागदावर उतरवून सोबत पाठवते. बघा जमलं तर.

राजमती


बोरगाव, ता. १९ ऑगस्ट १९३५

तुमचं कार्ड पोचलं. पोस्टमननं ते अण्णाच्या हातात दिलं, अण्णानं उलटसुलट करून वाचलं आणि मला म्हणाला, "ह्ये काय पत्र हाय? क्षेम न्हाय, कुशल न्हाय!"

मला मात्र ते पुरलं. "सतराव्या ओळीत नवाचं निम्मं करताना उरलेला एक पुढच्या आकड्याकडे न्यायचा विसरलीस. बाकी सर्व बरोबर." एवढंच. तुमचं अक्षर बारीक झालं आहे. डोळे दाखवलेत का कुणाला?

सतराव्या ओळीपासून खालचं सगळं ओल्या फडक्यानं पुसलं आणि पुन्हा मांडलं. पंचविसावी ओळ सम आली. सव्विसावीही. पुढं पुढं ओळी आखूड होत जातात. वखारीच्या दाराकडून बघितलं तर जमिनीवर एखादा मोठा पंखा उलगडून ठेवल्यासारखं दिसतं, रुंद टोक भिंतीकडे आणि निमुळतं माझ्या पायाशी. चारशे शहाण्णवासारखं काही येईल असं मनात होतं, पण शेवटी ओळखीच्याच आल्या. पाचशे बारा, दोनशे छप्पन, एकशे अठ्ठावीस. तुमच्या शाळेतली मुलं घोकतात त्याच. मग चार, मग दोन, मग एक. त्या एकाशेजारी मी बराच वेळ बसले.

तिथंच डोळा लागला असावा. दूधगंगेच्या काठावर माणसं उभी होती. किती, ते मला स्वप्नात ठाऊक होतं, मोजायची गरज नव्हती. कुणी हाक दिली नाही, तरी त्यांतली निम्मी पाण्यात उतरून पलीकडे गेली. कुणाला घाई नव्हती. कुणी मागं वळून बघितलं नाही. मग इथल्यांतली निम्मी गेली. काठ रिकामा होत गेला तसं पलीकडचा ऊस, झाडं, सगळं दिसायला लागलं. पाण्याला आवाज नव्हता. शेवटी आम्ही दोघी उरलो. ती माझ्या गुडघ्याएवढी होती. आता आमच्यातली एक जाणार, हे दोघींनाही माहीत होतं. ती माझ्याकडे बघत होती, जशी काय मी आधी जावं याची वाट बघते आहे.

अण्णानं हाक मारली म्हणून कोण गेलं ते कळलं नाही.

आप्पा म्हणतात, दिवसा वखारीत निजू नये, तंबाखू चढतो.

राजमती


बोरगाव, ता. १२ सप्टेंबर १९३५

आज जे लिहायचं आहे ते एका दमात लिहिते, नाहीतर राहील.

काल पाठ संपल्यावर अम्मांनी मला थांबवून घेतलं. बस्तीच्या पायऱ्यांवर त्या मोरपिच्छी मांडीवर घेऊन बसल्या होत्या. मला वाटलं त्यांनी त्या दिवशीचं काही ऐकलं नसेल. पण त्यांनी एकदम विचारलं, "एष्टु तिंगळु?" किती महिने?

मी म्हटलं, पुरे नऊ.

अम्मा हसल्या नाहीत, पण त्यांचा चेहरा सैल झाला. कानडीत सावकाश सांगू लागल्या, मला कळावं म्हणून एकेक शब्द सुटा करून. श्वासाची शक्ती म्हणजे नाकातोंडानं घेतलेला श्वास नव्हे. जीव पोटात आला, की एका मुहूर्ताच्या आत त्या सहाही शक्ती पुऱ्या होतात. तुझ्याआधी, दाईच्याआधी, तुला दिवस गेलेत हे तुला कळायच्याही आधी. "तू तिला बघितलंस त्याच्या नऊ महिने आधी ती त्या संख्येत आली होती," अम्मा म्हणाल्या. "तिला कुणी बाहेर ठेवू शकत नाही."

उपाध्ये मागं समया पुसत होते. तेही पुढं आले. म्हणाले, "माझंच चुकलं बाळ. मी नाकातला श्वास समजलो."

मी घरी कशी आले ते आठवत नाही. अण्णानं विचारलं, "रडालीस का?" मी म्हटलं, न्हाय रं, तिला मोजलंय म्हणून.

ती आता कुठं आहे ते मी अम्मांना विचारलं नाही. पण तुम्हाला विचारायचं आहे. तिला तुम्ही कुठं ठेवलंत? मला ताप होता. डोळे उघडले तेव्हा पाळण्याची दोरीसुद्धा सोडून ठेवली होती. तुम्ही पाय धुऊन आत आलात आणि भिंतीकडे तोंड करून बसलात. त्यानंतर मी विचारलं नाही, तुम्ही सांगितलं नाही.

आणखी एक. दिवाळी झाली की अम्मा पुढं निघणार. मला त्यांच्याबरोबर जावंसं वाटतं. त्यांच्यात बसलं की आतली खळबळ थांबते. आप्पा या गोष्टीपायी जेवत नाहीत धड. मी अम्मांना सांगितलं, तर त्यांनी एवढंच विचारलं, "घरी सांगून आलीस?" मी नाही म्हटलं. म्हणाल्या, "धनी हो म्हणाला तर बघू. तोवर तू माझी नव्हेस."

तेव्हा दोन्ही गोष्टी तुमच्याकडे मागते. जागा आणि परवानगी.

राजमती


बोरगाव, ता. १० ऑक्टोबर १९३५

तुमचं पाकीट पोचलं. चार पानं! सहा वर्षांच्या संसारात तुम्ही एका दमात एवढं कधी बोलला नाहीत.

पहिली तीन पानं गणिताची आहेत, हे बघून आधी वाईट वाटलं. मग वाचत गेले. तुम्ही लिहिलंत ते मला पाठ झालं आहे:

"दोघांत वाटताना या संख्येत काही उरत नाही, म्हणून तू आणि उपाध्ये दोघांनीही निम्मं करण्याकडे बघितलं. मी दुसरीकडून गेलो. तिघांत वाटली तर एक उरतो. पाचांत वाटली तरी एक. सातांत एक, नवांत एक, तेरांत एक, सतरांत एक. तुझा ताळा एक आला तो त्याचमुळं. अकरांत मात्र नऊ उरतात. सगळीकडे जमतं असं नाही, खोटं लिहीत नाही. सत्त्याण्णवांत पुन्हा एक. मी हे वर्गात फळ्यावर केलं. मुलांनी विचारलं, सर, हा एक येतो कुठून? मी सांगितलं, तो पहिल्यापासून आहेच, निम्मं करताना दिसत नाही एवढंच. आणि मग मला पुढं शिकवता येईना. मुलांना सोडलं आणि खिडकीपाशी जाऊन उभा राहिलो."

चौथ्या पानावर जागा आहे. अनगोळची वेस ओलांडून डाव्या हाताचा ओढा, ओढ्याच्या कडेनं भातशेतं, भरमूचं शेत विचारायचं, बांधाला करंजाचं झाड. खाली परवानगीचं लिहिलंत. "तू मागितलीस म्हणून देतो. हो लिहिताना हात थांबतो, तरी देतो. जाण्याआधी एकदा ती जागा बघून जा. मी बरोबर आलेला तुला नको असेन, तर येणार नाही."

हे पत्र वाचून मी ते आप्पांना दिलं. आप्पांनी पुन्हा पुन्हा वाचलं. तंबाखूखेरीज त्यांना कशातलं काही कळत नाही असं मी लहानपणापासून समजत आले. ते म्हणाले, "जिनाप्पा लई एकटा पडलाय गं." एवढं बोलून शेताकडे गेले.

तुम्ही बरोबर यायला नको असं नाही. पण पहिल्या खेपेला मला एकटीला जाऊ द्या. दिवस कळवत नाही.

राजमती


टिळकवाडी, तुमच्याच टेबलावर, ता. २१ ऑक्टोबर १९३५

तुम्ही शाळेत आहात. किल्ली शेजारच्या शालूबाईंनी दिली. तुमच्या टेबलावर जागा नव्हती; सगळीकडे भागाकार. ते कागद तसेच बाजूला सरकवून लिहिते आहे. तोंडानं सांगायला लागले तर मध्येच थांबेन, म्हणून आधी कागदावर.

पहाटे अण्णाबरोबर छकड्यानं निपाणीला आले, तिथून सर्व्हिस मोटारीनं बेळगावात. अण्णाला मी वेशीपाशी पारावर बसवलं आणि ओढ्याच्या कडेनं एकटी गेले. भात पोटऱ्यात आलं आहे. वारा नव्हता, तरी सगळं शेत हलल्यासारखं दिसत होतं. मला पुन्हा वखारीतल्यासारखं झालं. पाय चालत होते आणि मी त्यांच्यामागून जात होते.

करंजाखाली एक बाई गवत कापत होती. मी विचारलं, भरमूचं शेत हेच का? ती कंबरेवर हात ठेवून उभी राहिली. मनुबाई तिचं नाव, भरमूची बायको. माझ्याकडे वरून खाली बघून म्हणाली, "मास्तरांची तुमी?"

मी मान हलवली. तिनं विळा खाली ठेवला.

"या," म्हणाली. "कवा येतासा त्येची वाटच बघालतो."

बांधाला लागून एक तुकडा आहे, आपल्या माजघराएवढा. चहूबाजूंनी भात, आणि तेवढ्यात नुसतं गवत. मनुबाई सांगत होती. तुम्ही त्या दिवशी बाळाला छातीशी धरून मसणवटीकडे निघाला होतात. भरमू वाटेत भेटला. म्हणाला, तिकडं कोल्ही लई हायत मास्तर, लेकरू तिकडं नगा ठिवू, आमच्या बांधाला ठिवा. खड्डा त्यानंच काढला. "आनी मग नांगरट आली," मनुबाई म्हणाली. "आमच्या मालकांनी नांगर हितनं वळीवला. मी म्हटलं, दोन पायली भात जाईल की वं. तर म्हणालं, जाऊंदे. लेकराच्या अंगावरनं कसा घालायचा?"

ते ऐकून मी खाली बसले. मनुबाईही बसली. गवतात बारीक जांभळी फुलं आहेत, तुम्ही बघितली असतील.

मग ती म्हणाली, तुम्ही दर रविवारी येता. बांधावर बसता. पावसातसुद्धा छत्री घेऊन बसला होतात. "लई बोलत्यात तिच्यासंगट," म्हणाली. मला वाटलं तिची माणसात चूक होते आहे. मी विचारलं, हे बोलतात? काय बोलतात?

"आकडंच सांगत्यात बघा. आमाला काय कळतंय त्यातलं? मधी मधी तिला हाक मारत्यात. चंदना, चंदना म्हणून."

मला ते नाव ठाऊक नव्हतं.

मी मनुबाईला तसं सांगितलं नाही. तिनं मला गवताचा एक झुबका काढून दिला, का दिला ते तिलाही कळलं नसावं. मी तो घेऊन आले. तो इथं टेबलाच्या कडेला आहे.

अण्णाला परत पाठवलं आहे. त्याच्याबरोबर अम्मांना निरोप दिला, की माझी वाट बघू नका, आणि मी त्यांच्या पाया पडते. आप्पांना सांग, पोटभर जेवा. अण्णा म्हणाला, "आनी मास्तरास्नी काय सांगू?" मी म्हटलं, त्यांना मीच सांगते.

चूल पेटवली आहे. भात टाकला आहे. शालूबाई म्हणाल्या, तुम्ही साडेपाचला येता. आल्यावर हे वाचा, मी स्वयंपाकघरात असेन. वाचून झालं की आत या आणि तिचं नाव माझ्यासमोर एकदा घ्या. मग मी घेईन.

राजमती